काकांच्या प्रीअँपमधली घूं

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची. या नोंदवहीत पुढून काकूंचं बीपी, नाडी, लघवी आणि खाणंपिणं लिहायचं, असं आमच्या नर्सिंग संस्थेच्या मॅडमनी बजावलंय. मागची पानं कोरीच राहणार, म्हणून ती मी माझ्या नावावर करून घेतली. शाळा सुटल्यापासून स्वतःसाठी चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

मला खोली मिळालीय! दार असलेली, आतून कडी असलेली. भावाकडे नऊ वर्षं पॅसेजमध्ये झोपले, पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण माझ्या पायाला ठेचकाळायचा आणि वर मलाच बोलायचा. इथे पलंगावर दोनदा उडी मारून पाहिली. बेचाळीस वर्षांची बाई आणि हे थेर. कोणी बघितलं नाही म्हणा.

घर गल्लीच्या अगदी टोकाला, बैठं, चार खोल्यांचं. माणसं दोनच. काकूंना दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालतो, तोही अर्धामुर्धा. डोळे मात्र लख्ख. मी आत शिरताच त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं की मी आपोआप केस सारखे केले. काका रेडिओ केंद्रात इंजिनियर होते, आता निवृत्त. उंच, हाताचे पंजे फावड्याएवढे, बोलणं मात्र मऊ. त्यांनी मला स्वतः चहा करून दिला. पेशंटच्या घरच्यांनी मला चहा करून द्यायची ही बावीस वर्षांतली पहिली वेळ. साखर जास्त होती, पण तक्रार नाही.

६ नोव्हेंबर

दिवसाची घडी बसली. सहाला काकूंना पुसून घेणं, कूस बदलणं, सातला नळीने दूध, मग औषधं. काकूंची गादी हवेची आहे. तिला छोटा पंप लावलाय, तो आळीपाळीने कप्पे फुगवतो, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

आणखी एक गमतीचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आवारात अर्थिंगचा खड्डा आहे. घरातली एक तांब्याची तार त्या खड्ड्यात जाते, म्हणजे नको असलेला करंट मातीत जातो. त्यात मीठ आणि कोळसा भरलाय, आणि तो सुकू नये म्हणून रोज सकाळी मिठाच्या पाण्याची एक बादली ओतायची. काकूंचं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, खड्डा मात्र रोज मूठभर खातो. हे मी काकूंना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

काकूंच्या खोलीतच, पलंगाशेजारच्या कपाटावर काकांचा रेकॉर्ड प्लेअर आहे आणि त्याला जोडलेला प्रीअँप, काकांनी घरी बनवलेला. पत्र्याचा डबा, वर चार काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की आत तांबूस उजेड पेटतो. छान दिसतं. काका म्हणाले, सुई तबकडीवरून जो आवाज उचलते तो मुंगीच्या पावलाएवढा असतो, हा डबा त्याला माणसाच्या कानाएवढा करतो. फक्त त्यात एक खोड आहे. गाणं नसलं की मागे सतत घूंऽऽऽ असा आवाज येतो. विजेचा. तो कुठून शिरतो, ते काका दोन वर्षं शोधताहेत.

९ नोव्हेंबर

आज काकांनी सगळं सांगितलं. काकू एकोणीस वर्षांच्या असताना काकांच्याच केंद्रावर गायला आल्या होत्या. रेकॉर्डिंग काकांनी केलं. त्याची ही एकच तबकडी. गाणं सुरू व्हायच्या आधी काकू श्वास घेतात आणि अगदी हळू काहीतरी म्हणतात. काका तेव्हा काचेपलीकडे होते, त्यांना ओठ हललेले दिसले, शब्द कळला नाही. लग्नानंतर चाळीस वर्षं विचारलं, तर काकू नुसत्या हसायच्या. आता सांगायला वाचा नाही. तो शब्द तबकडीत आहे, घूंच्या खाली दबलेला.

मला गहिवरूनच आलं. माझ्या नवऱ्याने मी काय म्हणते ते समोर बसूनही ऐकलं नव्हतं.

तर शोध चालू आहे. काकांनी व्हॉल्व्हवर पत्र्याच्या टोप्या घातल्या, आतल्या तारा वेणीसारख्या पिळल्या, ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात घालून लांब जमिनीवर ठेवला आणि तो इंच इंच फिरवून पाहिला. मी प्लेअरच्या स्पीकरला कान लावून आवाज वाढला की कमी झाला ते सांगत होते. फ्रिज बंद, ट्यूब बंद, पंखा बंद. घूं तशीच.

१२ नोव्हेंबर

आज माझं आणि काकांचं वाजलं. दुपारी मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी काकूंच्या गादीचा पंप काढून ठेवला, आवाज त्याचा येतो का ते बघायला, आणि मग विसरले म्हणे. मी इतर कामं आटपून तीन तासांनी कूस बदलायला गेले तर काकूंच्या पाठीवर रुपयाएवढा लाल चट्टा. मी स्पष्ट सांगितलं की पेशंटच्या गादीला परत हात लावलात तर मी संस्थेला फोन करेन. ते खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी माझी माफी मागितली, काकूंच्या कपाळावरून हात फिरवला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

१४ नोव्हेंबर

घूं सापडली! म्हणजे मीच पकडली.

कपाटावरची धूळ पुसत होते, डबा चालू होता. एक हात आधाराला डब्याच्या पत्र्यावर ठेवला आणि खोली एकदम गप्प झाली. कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. हात काढला, घूं परत. काका दारात उभे होते. त्यांनी मला पाच-सहा वेळा हात ठेवायला आणि काढायला लावलं. मग ते खुर्चीत बसले आणि चक्क रडले. म्हणाले, घराला धड अर्थिंग उरलेलं नाही, म्हणून माझ्या अंगातून करंट जमिनीत जातोय. मी म्हटलं, म्हणजे मी खांबच झाले की. ते म्हणाले, खांबापेक्षा चांगली.

मला उगीच फुशारल्यासारखं वाटलं. तासभर हात ठेवून उभी राहिले.

१७ नोव्हेंबर, रविवार

ताईला फोन केला. खोलीचं वर्णन ऐकून तिला हेवा वाटला, बरं वाटलं मला. हाताचं सांगितलं तर म्हणाली, हे काय भलतंच, तू काकूंना सांभाळायला गेलीस की डब्याला?

खरंय. आता रोज सकाळी अकरा ते दोन मी उभी असते. काकांना शब्द अजून नीट लागत नाही, म्हणतात माझी त्वचा कोरडी आहे. माझ्या पायाखाली ओलं फडकं ठेवलंय. पत्र्याला हात लावला की आता झिणझिण्या येतात, कोपरापर्यंत.

आणि काकू. आज मी डब्याकडे हात नेला तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ओरबाडलं. रक्त आलं. मला राग आला, वाटलं म्हातारीला मत्सर वाटतोय. मग त्यांनी बोट खिडकीकडे केलं, मागच्या आवाराकडे, आणि घशातून काहीतरी आवाज काढायचा प्रयत्न केला. आला नाही. नुसती तोंडातून लाळ. मी पुसली.

काकांना विचारलं, माझ्या आधी कोण होती. ते म्हणाले, होती एक, न सांगता निघून गेली. ती असताना हात ठेवायला कुरकुर करायची. म्हणजे हाताची युक्ती माझ्या आधीचीच. पण ती गेल्यानंतर दीड महिना डबा अगदी शांत होता, मग घूं हळूहळू परत आली. ती गेल्यावर शांत कशी, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय.

१९ नोव्हेंबर

आज फडक्याऐवजी टब. मिठाच्या पाण्यात घोट्यापर्यंत पाय, हात पत्र्यावर. दोन वाजता हात काढला तर बोटं वळेनात. जेवताना चमचा पडला. मी म्हटलं, काका, आता पुरे. ते म्हणाले, "बघू."

मला एक युक्ती सुचलीय. अर्थिंग बिघडलंय ना? मग अर्थिंगच दुरुस्त करावं. उद्या काका तारा जोडायचं सोल्डर आणायला बाहेर जाणार आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वायरमनला बोलावून ठेवते. काका खूश होतील आणि माझा हात सुटेल.

२० नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

वायरमन साडेदहाला आला. तिशीचा असेल, मला मावशी म्हणाला, मोटरसायकल फाटकाला लावली. त्याने एक बल्ब घेऊन भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात तार घालून तपासलं, बल्ब लागलाच नाही. "मावशी, तुमचं अर्थिंग मेलंय," म्हणाला आणि स्वतःच हसला. मग मागे जाऊन खड्डा उकरायला लागला. म्हणाला, खाली तांब्याची प्लेट असते, ती खाऊन गेली असेल. कोळसा चांगला हातभर बाहेर काढला. तार हाताला लागली, ती त्याने दोन्ही हातांनी ओढली.

तारेबरोबर हात वर आला.

मनगटाला तार सात-आठ वेढे गुंडाळलेली होती, आणि वर सोल्डर केलेली. नीट, चकचकीत. बोटं काळी, सुकलेली, मिठाने पांढरी. खाली निळ्या गणवेशाची बाही. माझ्या अंगावर आहे तोच गणवेश. संस्थेचा.

वायरमन मागे सरकला, त्याला ओकारी आली. तो गुडघ्यांवर असतानाच काका आले. मी त्यांना पाहिलंच नाही. भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली आणि त्याच्या मानेवर घातली. तो आडवा झाला. दुसरा घाव डोक्यावर. नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला. तिसरा कशासाठी होता माहीत नाही. रक्त माझ्या पायांवर उडालं, गरम.

मी ओरडले असेन. मला आठवत नाही. काका हाशहुश करत मला म्हणाले, "पाय धरा." मी नाही म्हटलं. त्यांनी पहार माझ्या गळ्याला लावली, तिला केस चिकटलेले होते. मी पाय धरले.

खड्ड्यात घालताना त्याची बोटं हलत होती. मी म्हटलं, काका, तो जिवंत आहे, काका, अहो जिवंत आहे तो. काका त्याच्या मनगटाला तार गुंडाळत होते, वेढ्याला वेढा लावून. वर न बघता म्हणाले, "तेच बरं. ओल जास्त दिवस टिकेल."

मग कोळसा. मग मीठ. मग माझ्याकडून बादली ओतून घेतली.

२१ नोव्हेंबर

माझा फोन त्यांनी पहारीने फोडला. मोटरसायकल आत घेऊन ताडपत्रीखाली ठेवली. पुढच्या फाटकाला कुलूप.

डबा लावून पाहिला. घूं कमी झाली, गेली नाही. मला समजावून सांगत होते, विद्यार्थ्याला सांगावं तसं. आधीचीने हात काढून घेतला म्हणून रागाच्या भरात झालं, पण मग दीड महिना डबा इतका शांत राहिला की त्यांना उलगडा झाला. माणसासारखं अर्थिंग नाही. फक्त सुकतं.

दुपारी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं राहिलं होतं. मी बाहेर पडले. आवार ओलांडलं, भिंतीवर चढले, एक पाय पलीकडे टाकला. रस्ता दिसत होता. एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती.

तेवढ्यात काकांनी खिडकी उघडली. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही जा. मग मी हिचा हात लावतो." त्यांच्या हातात तार होती आणि काकूंचं डावं मनगट.

काकू मान हलवत होत्या. नको, नको, जा, असं. स्पष्ट कळत होतं.

काकूंचं वजन अडतीस किलो. पाठीवर चट्टा. त्या टबात एक तास टिकणार नाहीत.

मी भिंतीवरून उतरले. आत.

ताई, मला मूर्ख म्हण.

२२ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाचवणार नाही कोणाला.

उजव्या मनगटाला तांब्याची पट्टी. सैल होती, झिणझिण्या कमीजास्त व्हायच्या. काका म्हणाले पट्टीचा सांधा कोरडा राहतोय. सोल्डर करून टाकली. पट्टी मनगटावर असतानाच. सोल्डरिंग आयर्न लावलं तेव्हा धूर आला — आधी सोल्डरमधल्या राळेचा, मग माझा. वितळलेलं सोल्डर तळहाताकडे ओघळलं. मी ओरडले तर त्यांनी तोंडात बोळा घातला. फुंकर घालत होते. सांध्यावर, जेणेकरून तो नीट गार व्हावा.

पट्टीपासून डब्यापर्यंत दोन हात केबल, मी डबा ओढू नये म्हणून मध्ये कपाटाच्या वरच्या कडीला पक्की बांधलेली. स्टूल, टब, काकूंचा पलंग, एवढंच माझं जग. नोंदवही काकूंच्या उशाखाली. काकांना वाटतं मी बीपी लिहितेय.

काकूंचं दूध मी डाव्या हाताने घातलं. सांडलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

२३ नोव्हेंबर

आज शांत झालं. एकदम. सुई टेकली, खरखर, आणि मग श्वास. एकोणीस वर्षांच्या मुलीचा. मीसुद्धा ऐकला. मग ते शब्द — स्वच्छ —

"पाणी मिळेल का?"

एवढंच. मग गाणं.

काका हलले नाहीत. परत लावलं. परत. अकरा वेळा. पाणी मिळेल का. पाणी मिळेल का.

काकू हसत होत्या. तोंड वाकडं झालेलं, तरी हसू होतं ते. आवाज नाही, छाती हलत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

काकांनी त्यांच्या थोबाडीत मारली. फावड्याएवढा तो पंजा. ओठ फाटला. मग माझ्या. माझा एक दात — उशीवर पडला, त्यांनी तो उचलून खिडकीतून टाकला, कचरा असावा तसा.

म्हणाले, हे नव्हे. याच्या नंतर अजून एक शब्द आहे. तो घूंखाली राहिलाय. अजून एक अर्थिंग हवं.

पहार आत आणून ठेवलीय. दाराशी.

२४ — सकाळ

पाय पांढरे पडून फुटलेत. उजवा हात कोपरापासून माझा नाही. वास येतोय, जखमेचा.

काकूंच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातलं. माझ्याही.

काका मागे दुसरा खड्डा — फावड्याचा आवाज — लांबीला माझ्याएवढा आहे. इथून दिसतो.

२४ — अकरा

बेल. परत बेल.

वायरमनचा भाऊ आहे. आवाज ऐकू येतोय, विचारतोय, बुधवारी इकडे आला होता का, दुकानात पत्ता हाच लिहून गेलाय.

जाताना काका सांगून गेले — तुमचा आवाज आला तर आधी हिला. पहार घेऊन गेलेत, दाराआड धरलीय. तबकडी फिरतेय. बंद केली नाही.

काका म्हणताहेत, कोणी आलं नव्हतं. मऊ आवाजात. त्याला चहा विचारताहेत.

तो जायला निघाला.

तो जातोय

ओरडू शकत नाही. काकूंना मारतील. मी काकूंकडे बघितलं — त्या माझ्याकडे —

काकूंनी तोंड उघडलं

आवाज आला. काकूंचा! दोन वर्षांनी — गाणं नाही, शब्द नाही, जनावरासारखा, लांब, घूंऽऽ — थांबतच नाहीत — सगळं घर भरून —

बाहेर तो थांबला. काय झालं विचारतोय. कोण ओरडतंय —

दार लावलं काकांनी. कडी. तो खांदा मारतोय दारावर. हाका मारतोय लोकांना.

काका आत आलेत. माझ्याकडे बघत नाहीत. कपाळाला आठ्या, कान डब्याकडे. म्हणताहेत, ही घूं कुठून आली परत, आत्ता तर गेली होती —

अहो काकू आहेत त्या. काकू बोलताहेत तुमच्याशी

डबा हलवून बघताहेत. मग पलंगाकडे — कळलं त्यांना कुठून येतोय ते — उशी उचलली —

तोंडावर दाबली. दोन्ही हातांनी. हळू म्हणताहेत, गप, गप, आता शब्द येईल —

काकूंचा डावा हात हवेत

केबल दोन हात, कपाटाच्या कडीला बांधलेली. कपाट जड आहे पण पुढे झुकतं, मघाशी पाहिलं. ते अगदी खालीच उभे आहेत. मनगट निघालं तर निघालं. ताई, मी ओढते. दोन्ही पाय टेकवून ओढ